बर्फातलं वाळवण

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी गणपतीत, आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना, मंडळाच्या हॉलमध्ये तीसेक बायकांसमोर, माझ्या कुरडया मशीनमध्ये वाळवलेल्या असतात असं सांगितलं. मी त्याच हॉलच्या दारात वाकून चपला काढत होते, त्यामुळे त्यांना दिसले नव्हते. 'इतक्या एकसारख्या कशा होतील, मशीनच असणार,' असं त्यांचं शास्त्रीय विधान होतं. मी चपला पुन्हा घातल्या, बाहेर पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या आणि मग आत जाऊन आरतीला उभी राहिले. त्या आरतीत मी गणपतीकडे काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

जाऊबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. त्या नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहतात, जिथे किराणा आणायला गेलं तरी पुण्याची चार माणसं भेटतात. आम्ही कोलोरॅडोच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवरच्या एका लहानशा गावात. इथे मराठी बोलणारी माणसं दोन, आणि त्यांतलं एक फारसं बोलत नाही. ते माझा नवरा. त्यांची नोकरी गेली त्या वर्षी मी घरातून चकल्या विकायला लागले. चकल्यांवरून लाडू, लाडवांवरून पापड, सांडगे, कुरडया. आज भाड्याचं स्वयंपाकघर आहे, हाताखाली दोन बायका आहेत, ट्रॉयपासून सांता क्लारापर्यंत माझे डबे जातात. यातलं काहीही मला कोणी दिलेलं नाही. गव्हाचं पोतं घ्यायला जाते तेव्हा मी आधी कोपरा फाटलेलं पोतं शोधते आणि मग त्याची किंमत कमी करून घेते. दुकानदार आता मला बघितलं की स्वतःच फाटकं पोतं पुढे आणतो. मला शंका आहे की तो ते मुद्दाम फाडतो.

वाळवणासाठी ही जागा देवानं नव्हे, पण कोणीतरी फार विचार करून बनवलेली आहे. हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल तासाभरात ताठ होतो. ऊन असं की पापड सकाळी घातला तर दुपारी खडखडतो. मशीनची गरज कोणाला पडावी? ज्यांच्याकडे ऊन नाही त्यांना. जाऊबाईंकडे दमट हवा आहे, डास आहेत आणि मतं आहेत.

फक्त एप्रिलमध्ये इथलं आभाळ बेइमान होतं. सकाळी निळंभोर, दुपारी पाऊस, चहाच्या वेळी बर्फ, आणि संध्याकाळी पुन्हा ऊन, जणू काही झालंच नाही. एखादा माणूस असा वागला असता तर मी त्याच्याशी व्यवहार तोडला असता. हवामानाशी घासाघीस करता येत नाही, हेच मला त्याचं आवडत नाही. म्हणून मी मे महिना लागेपर्यंत कुरडया घालत नाही. हा माझा नियम आहे आणि तो मी एकदाच मोडला.

यंदा एप्रिलच्या शेवटी पुतणीचं लग्न होतं. पुतणी म्हणजे या जाऊबाईंचीच मुलगी. मुलीकडचे म्हणून रुखवत त्यांनी मांडायचं होतं. पुण्याहून त्यांनी सगळं मागवलं होतं, पण पेटी आली तेव्हा आतल्या कुरडयांचा भुगा झालेला होता. लग्नाला तीन आठवडे राहिले असताना त्यांचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग इथल्या थंडीची, मग माझ्या धंद्याची. इतक्या प्रेमानं विचारलं की मी हातातली कणीक खाली ठेवून बसूनच घेतलं.

"रुखवतात एक्कावन्न कुरडया लागतील गं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील ते देते."

मी म्हटलं, पैसे नकोत. एक वाक्य हवंय.

त्यांना कळलं. तीन वर्षांपूर्वी मी दारात होते हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी कुठलं वाक्य असं विचारलं नाही. मी सांगितलं की रुखवत मांडताना, बायका जमलेल्या असताना, तुम्ही मोठ्यानं म्हणायचं: ह्या कुरडया हातानं केलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, 'छान झाल्यात' म्हणते ना. मी म्हटलं, छान तर तुमचे दीरही म्हणतात, आणि ते खिचडीलाही छान म्हणतात. मग त्या म्हणाल्या की ग्रुपवर लिहिते. मी म्हटलं, तुम्ही ग्रुपवर बोलला नव्हतात, हॉलमध्ये बोलला होतात. मग 'हातानं केलेल्या' एवढं म्हणते, उन्हाचं मला काय माहीत, मी तिथे नव्हते. मी म्हटलं, मशीनचं कसं माहीत होतं? तिथे होतात का?

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मला अशा शांततेचा सराव आहे. समोरच्याला ती आधी टोचते.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी आधी खाऊन बघणार. खरंच उन्हातल्या वाटल्या तरच म्हणेन. खोटं बोलणार नाही."

हे मला मान्य करावं लागलं. खरं सांगायचं तर आवडलंही. माझी कुरडई तोंडात घेऊन खोटं बोलणं कोणालाही जड जाईल असा माझा समज होता.

कुरडईचं गणित हवामान खात्याला कोणी समजावलेलं नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा. पाचव्या दिवशी वरचं पाणी ओतून तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा आणि त्याच दिवशी ऊन हवं. म्हणजे गहू पाण्यात टाकताना पाच दिवसांनंतरच्या उन्हावर सही करायची. एकदा गहू फुगले की मागे फिरता येत नाही. चीक फ्रिजमध्ये एक दिवस दम धरतो, मग आंबतो, आणि आंबलेल्या चिकाची कुरडई तळली की घरभर पायमोजांचा वास येतो.

मी फोनवर हवामान बघितलं. पुढचे आठ दिवस सूर्याची पिवळी चित्रं. शेजारची म्हातारी, जिनं आयुष्यभर याच खोऱ्यात गुरं पाळली, कुंपणापाशी दिसली म्हणून तिलाही विचारलं. ती म्हणाली की लिलॅकला अजून कळ्या नाहीत, त्यामुळे तिचा कशावरही विश्वास नाही. मी मनात म्हटलं, झुडपाला काय कळतंय. आणि गहू भिजवले.

तिसऱ्या दिवशी फोनमधल्या दोन सूर्यांचे ढग झाले. चौथ्या दिवशी ढगांखाली थेंब आले आणि थेंबांशेजारी चांदण्या. मी ते चित्र नवऱ्याला दाखवलं. ते म्हणाले, "चांदण्या म्हणजे बर्फ."

"मला माहितीय चांदण्या म्हणजे काय."

"मग दाखवलंस कशाला?"

पाचव्या दिवशी सकाळी मात्र लख्ख ऊन. मी पहाटेच चीक शिजायला टाकला. इथे एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तापत नाही, त्यामुळे चीक खाली चिकटतो आणि आत कच्चा राहतो. दीडपट वेळ घोटावं लागतं. मी घोटत होते आणि नवरा सोऱ्या धरून उभे होते. कंपनीत असताना ते सतरा माणसांचे मॅनेजर होते, पण सोऱ्या मात्र मी म्हणेन तसाच धरतात. साडेनऊपर्यंत मागच्या डेकवर प्लॅस्टिकवर पंच्याहत्तर कुरडया पडल्या होत्या, गोल, ओल्या, चमकणाऱ्या. उरलेला चीक आम्ही तेल-मीठ घालून वाटीतून खाल्ला. मला वाटलं, झालं. जाऊबाईंचं वाक्य मी मनात त्यांच्याच आवाजात दोनदा म्हणून बघितलं.

एक वाजता डोंगरामागून ढग आला. दीड वाजता डेकवर टपटप व्हायला लागलं. पाऊस नव्हता तो, आणि धड गाराही नव्हत्या. पांढरे, मऊ, गोल दाणे पडत होते, हुबेहूब साबुदाणा. माझ्या कुरडयांवर आकाशातून भिजवलेला साबुदाणा पडत होता. कोणीतरी वर बसून उपासाचं आणि रोजचं एकत्र करत होतं. मी अशी काही ओरडले की शेजारची म्हातारी बाहेर आली. नवऱ्यांनी आणि मी प्लॅस्टिकची चार टोकं धरून सगळं आत ओढलं. त्या ओढाताणीत तेरा कुरडया एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळा झाला. बासष्ट उरल्या.

मग पाऊस लागला. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि दुपारी त्याचा बर्फ झाला. मोठ्या, आळशी पाकळ्यांचा बर्फ, जमिनीवर पडतो आणि वितळतो, पडतो आणि वितळतो. ज्याला धड पडायचंही नाही आणि जायचंही नाही. दिवाणखान्यात सगळीकडे ताटं, परात, कुकी शीट, आणि त्यांवर ओलसर कुरडया. वरून वाळल्यासारख्या दिसत होत्या, पण बोट लावलं की खालून चिकट. अजून एक दिवस असाच गेला असता तर आंबट वास सुटला असता.

आमच्या कपाटात डिहायड्रेटर आहे. सफरचंदं वाळवायला घेतला होता, निम्म्या किमतीत. नवऱ्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले की मी काहीच बोललो नाही. मी म्हटलं, तुम्ही ज्या दिशेला बघितलंत तेवढं पुरे आहे.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला आणि मी तिला ओल्या कुरडयांचं सगळं सांगून टाकलं. ती अमेरिकेतच वाढलेली, पण मराठी बऱ्यापैकी बोलते, आणि आईचा आणि माझा सौदा तिला घरी ऐकून माहीत होता. तिला ते सगळं फार विनोदी वाटत होतं.

"काकू, डिहायड्रेटर वापर ना यार. कोणाला कळणार?"

"मला."

"ओके, पण तुझ्याशिवाय?"

"तुझ्या आईला. तिला तर तेच हवं आहे."

"काकू, इट्स अ नूडल थिंग. माझ्या लग्नात कोणी ते बघणारही नाही."

माझा आवाज चढला. मी तिला सांगितलं की ही नूडल थिंग नाही, आणि तुझी आई तीन वर्षं लोकांना जे सांगत फिरतेय ते मी माझ्या हातानं खरं करून देणार नाही. मशीन चालू केलं की तिचं वाक्य खरं आणि माझं खोटं. मग बासष्ट काय, बासष्ट हजार कुरडया घातल्या तरी मी तिला उत्तर देऊ शकणार नाही. पुतणी म्हणाली, "ओके, दॅट्स फेअर." मग मी तिला लग्नाच्या मेंदीचं विचारलं, कारण मुलीचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी बर्फ तसाच. शेजारची म्हातारी अंडी द्यायला आली, तिनं दिवाणखाना बघितला, ताटांभोवती एक फेरी मारली आणि काही विचारलं नाही. तिच्या घरी गारठून मेल्यात जमा झालेली वासरं भट्टीजवळ ठेवून जिवंत केलेली आहेत, तिला असल्या दृश्याचं नवल नाही. ती एवढंच म्हणाली की घाटापलीकडे कोरडं असतं. या दिवसांत सगळं ओझं डोंगराच्या अलीकडेच पडतं, पलीकडे उतरेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात.

मी नवऱ्यांना म्हटलं, गाडी काढा.

ते म्हणाले की घाटात बर्फ असेल. मी म्हटलं, तिथे बर्फ आहे म्हणूनच पलीकडे नाही. ते म्हणाले, हे लॉजिक नाही. मी म्हटलं, भूगोल आहे.

मागच्या सीट पाडून आम्ही ताटं मांडली. हीटर पायाकडे वळवून ठेवला होता, कारण कुरडयांवर गरम हवा गेली तर ते मशीनच झालं असतं. मी पूर्ण रस्ता हीटरच्या जाळीवर पाय ठेवून बसले, माझी पावलं भाजली. घाटात बर्फाचा चिखल होता, रस्ता सांडलेल्या दहीभातासारखा. पुढचा ट्रक जे काही उडवत होता ते आमच्या काचेवर थापलं जात होतं. नवरा ताशी वीस मैलांनी चालवत होते आणि अजिबात बोलत नव्हते, म्हणजे नेहमीपेक्षा थोडं कमी. माथ्यावर काहीच दिसेना. मी त्यांना सांगितलं की सावकाश, मागे बासष्ट आहेत. ते म्हणाले, "पुढे दोन आहेत."

आणि मग तीनचार वळणं उतरलो आणि ऊन. अगदी रेघ मारल्यासारखं. अलीकडे पांढरं, पलीकडे लाल माती, खुरटी झुडपं आणि निर्लज्ज निळं आभाळ. मला त्या आभाळाचा इतका राग आला की रडू येईल असं वाटलं. तीन दिवस हे सगळं ऊन इथे कोणाच्याही उपयोगाशिवाय पडून होतं.

खाली नदीकाठी होड्या उतरवायची जागा आहे. पार्किंग मोठं, आणि त्या दिवसांत रिकामं. आम्ही बॉनेटवर, टपावर, डिकीत, आणि दोन घडीच्या टेबलांवर कुरडया पसरल्या. वारा होता. वारा वाळवणाला चांगला, पण हा वारा ताटंही उचलत होता. मी जुनी सुती साडी फाडून वर झाकली आणि कडेला नदीतले गोटे ठेवले. नवरा वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून उभे राहिले. त्यांच्या हातात पुस्तक होतं, पण त्यांनी पान उलटलं नाही, कारण त्याला दुसरा हात लागला असता.

तिकडे एक माणूस कुत्र्याला घेऊन आला. बराच वेळ बघून त्यानं विचारलं की ही कसली घरटी आहेत. मी त्याला सांगितलं की खायची. त्याला एक विकत हवी होती. मी एकीची अशी किंमत सांगितली की कुत्राही थबकला. विकायची नव्हतीच मला, पण फुकट नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. तो हसला आणि निघून गेला. नवरा म्हणाले, "समजा त्यानं हो म्हटलं असतं तर?"

"तर एकसष्ट उरल्या असत्या."

संध्याकाळपर्यंत वरची बाजू खणखणीत झाली. एकेक उलटून पुन्हा गाडीत घातली, घाट चढून परत आलो. रविवारी तोच घाट, तोच चिखल, तीच जागा. दुपारी तीन वाजता मी एक कुरडई मोडून बघितली. कट्, असा आवाज आला. आतपर्यंत पांढरी, कोरडी, कुठे ओल नाही. मी त्या पार्किंगमध्ये नवऱ्यांना मिठी मारली. त्यांनी छत्री सोडली नाही.

मॉरिसव्हिलला कुरडया मी विमानात मांडीवर घेऊन गेले, पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीमध्ये कागद घालून. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात रुखवताची तयारी चालली होती. त्या दिवशी हॉलमध्ये होत्या त्यांतल्या निदान वीस बायका तिथे होत्या. मी मोजलं. एकीनं करंज्यांचा डोंगर रचला होता, दुसरी बोरांच्या आकाराच्या लाडवांना चेहरे काढत होती. जाऊबाईंनी कढई तापत ठेवलेलीच होती. आपल्या अटीच्या बाबतीत त्याही चोख आहेत, हे मी मान्य करते.

तळायला मी स्वतः उभी राहिले. पहिली कुरडई तेलात सोडली. ती बुडाली, क्षणभर थांबली आणि एकदम उमलून कढईभर झाली. पांढरी, हलकी, कुठे लाल डाग नाही. मागे बायकांचा आवाज झाला तो मी पाठीनं ऐकला. मी ती निथळली आणि ताटलीत घालून जाऊबाईंच्या पुढे धरली.

त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावला. मग जबडा थांबला. जीभ एकदा दाढेवरून फिरलेली मला गालावरून दिसली. पुन्हा चावला, सावकाश. सगळ्याजणी त्यांच्याकडे बघत होत्या, मी सर्वांत जास्त.

"ह्या कुरडया हातानं केलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. मोठ्यानं, स्पष्ट, एक शब्द न गाळता.

तीन वर्षं मी या क्षणासाठी थांबले होते. मी श्वास घेतला. तो सोडायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "मशीनमध्ये एवढी रेती कुठून येणार?"

वीसच्या वीस बायका हसल्या. एक तर ओट्याला धरून हसली. जाऊबाईही हसल्या, आणि वाईट म्हणजे छान हसल्या, मनापासून, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला उत्तर द्यायचं होतं. पण बोलणार काय? सौदा पुरा झाला होता. मी एका वाक्याचं ठरवलं होतं आणि ते मला मिळालं होतं, शब्दाला शब्द. त्यानंतर आणखी काही बोलायचं नाही, हे ठरवायला मी विसरले होते. इतक्या वर्षांच्या धंद्यात अशी चूक मी कधी केलेली नाही.

एकीनं मला विचारलं, "अगं, खरंच रेती आहे का त्यात?"

मी ताटलीतला मोठा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. दाढेखाली स्पष्ट कचकन् झालं. मी तो पूर्ण चावला आणि गिळला.

"मला तर काही लागत नाही," मी म्हटलं, आणि दुसरी कुरडई तेलात सोडली.